क्रुसेडच्या कादंबऱ्यांतला अतिशहाणा नायक

बाराव्या शतकातल्या पॅलेस्टाइनवरची, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातल्या ख्रिस्त्यांनी मुसलमानांशी केलेल्या धर्मयुद्धांच्या, क्रुसेडच्या, काळातली इंग्रजी कादंबरी उघडली की पहिल्या पन्नास पानांत एक माणूस हमखास भेटतो. तो सरदार घराण्यातला असतो, पण गरिबांत रमतो. तलवारबाजीत त्याचा हात धरणारा कुणी नसतो, तरी त्याला रक्तपाताचा वीट आलेला असतो. पाद्र्यांवर त्याचा विश्वास नसतो. एखादा अरब हकीम त्याचा जिवलग असतो. दोघं रात्री गच्चीवर बसून ताऱ्यांबद्दल बोलतात आणि देव सगळ्यांचा एकच, या निष्कर्षाला येतात. तो नियमित आंघोळही करतो. भोवतालचे बाकीचे ख्रिस्ती मात्र धर्मवेडे, लोभी आणि कळकट. या नायकाला मी चांगला ओळखतो. तो एकविसाव्या शतकातला, बऱ्यापैकी पगार असलेला, सकाळी अग्रलेख वाचणारा गृहस्थ आहे. लेखकानं त्याला चिलखत चढवून आठशे वर्षं मागं धाडलंय.

या कादंबऱ्यांत चुका असतात, अशी माझी तक्रार नाही. उलट हल्लीचे लेखक कपडे, किल्ले, घोडे, स्वयंपाक याबाबतीत कमालीची मेहनत घेतात. ४ जुलै ११८७ ला हत्तीनच्या टेकडीवर फ्रँकांचं, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्त्यांचं, सैन्य तहानेनं कसं कोसळलं, मुसलमानांचा सुलतान सलादिन याच्या माणसांनी वाळल्या गवताला आग लावून त्यांच्या डोळ्यांत धूर कसा घातला, हे सगळं बिनचूक उतरतं. चुकतं ते माणसाचं मन. तारखा कुठंही मिळतात. ऐतिहासिक कादंबरी वाचायची ती मनासाठी. देवभोळा, बायकामुलांवर जीव असलेला, एरवी ज्याला आपण सज्जन म्हणू असा माणूस परमुलखात जाऊन कत्तल करतो आणि पुण्य पदरी पडलं असं मानून घरी येऊन सुखानं झोपतो, हे कसं घडतं? क्रुसेडबद्दलचा खरोखर अवघड प्रश्न हाच आहे. नायक मुळातच श्रद्धा नसलेला घेतला की लेखकाला या प्रश्नाच्या वाटेला जावंच लागत नाही.

खलनायकांच्या बाबतीतही अशीच सोय केलेली असते. ते देवाचं नाव घेतात, पण डोळा जमिनीवर आणि सोन्यावर. थोरल्या भावाला जहागीर मिळाली म्हणून धाकटा पूर्वेकडे नशीब काढायला निघाला, हे तर ठरलेलं कथानक. आजच्या वाचकाला पैशाची भाषा लगेच कळते, म्हणून ते पटतं. पण केंब्रिजचे इतिहासकार जोनाथन रायली-स्मिथ यांनी त्या काळची दानपत्रं आणि गहाणखतं तपासून दाखवलं, की बहुतेक घराण्यांना हा व्यवहार आतबट्ट्याचा होता. घोडे, शस्त्रं, नोकर, शिधा यांपायी सरदाराचं कित्येक वर्षांचं उत्पन्न खर्ची पडे. नॉर्मंडीचा ड्यूक रॉबर्ट यानं १०९६ साली आपला अख्खा मुलूख सख्ख्या भावाकडे, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडे, १०,००० मार्कांना गहाण टाकला. जेरुसलेम जिंकल्यावर तिथं राहिले थोडे. बरेच जण नवस फेडून घरी परतले.

लूट झालीच नाही, असं कोण म्हणेल? १२०४ मध्ये क्रुसेडवाल्यांनी कॉन्स्टँटिनोपल हे ख्रिस्ती शहरच लुटलं आणि तिथून नेलेले चार सोनेरी घोडे आजही व्हेनिसमध्ये पाहायला मिळतात. पण वडिलोपार्जित जमीन गहाण टाकून निघालेल्याला नुसता लोभी म्हणणं ही आपण आपली काढलेली समजूत झाली. त्या माणसाला पापाची भीती होती, आणि ती खरी होती. नोव्हेंबर १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप दुसरा अर्बन यानं ही यात्रा म्हणजेच प्रायश्चित्त असं जाहीर केलं. ज्याचा पिढीजात धंदाच लढण्याचा, ज्यामुळे नरक चुकणार नाही असं त्याला लहानपणापासून ऐकवलं गेलं, त्याला तो धंदा न सोडता पाप धुवायची वाट मिळाली. कादंबरीकाराला याहून मोठा ऐवज काय हवा? तरी तो बाजूला ठेवून जहागिरीचं भांडण रंगवलं जातं.

१५ जुलै १०९९ ला जेरुसलेम पडलं त्या दिवसाचंच बघा. स्वारीबरोबर असलेला पुरोहित रेमाँ यानं लिहून ठेवलंय, की सॉलोमनच्या मंदिराच्या आवारात लोक गुडघ्यापर्यंत आणि घोड्यांच्या लगामापर्यंत रक्तातून चालले होते. कादंबऱ्यांत आणि पडद्यावर हे वाक्य शब्दशः चितारलं जातं. घोड्याच्या लगामापर्यंत रक्त कुठल्याही आवारात साचत नाही, हे कुणाच्याही ध्यानात यावं. ती प्रतिमा बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली, प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायातली आहे. रेमाँला समोरच्या प्रेतांत धर्मग्रंथातली भविष्यवाणी खरी होताना दिसत होती, आणि तो आनंदात होता. हा देवाचा न्याय आहे, असंच तो म्हणतो. कत्तलीनंतर तीच माणसं ख्रिस्ताच्या थडग्यापाशी जाऊन रडत रडत स्तोत्रं म्हणाली. रक्ताचे पाट दाखवणं सोपं आहे. तो आनंद आतून दाखवायला लेखकाला घाम फुटेल.

आता दुसऱ्या बाजूला वळू, कारण तिथं माझा आवडता माणूस आहे. उसामा इब्न मुन्किझ. सीरियातल्या शैझर किल्ल्याच्या अमीर घराण्यात १०९५ मध्ये जन्मला, म्हणजे नेमका क्लेरमाँच्या भाषणाच्या वर्षी, आणि ११८८ पर्यंत जगला. जेरुसलेम पुन्हा मुसलमानांच्या हाती आलेलं बघूनच गेला. म्हातारपणी त्यानं आठवणी लिहिल्या, आणि क्रुसेडवर कादंबरी लिहिणारा प्रत्येक जण त्यातून एक तरी प्रसंग उचलतो. सगळ्यांत लाडका प्रसंग फ्रँक वैद्याचा. पायाला गळू झालेल्या सरदाराला तो विचारतो, एका पायानं जगायचं की दोन पायांनी मरायचं? मग कुऱ्हाड मागवून पाय तोडतो आणि रोगी जागीच मरतो. वाचक हसतो, युरोप रानटी आणि पूर्व सुसंस्कृत हे सिद्ध होतं, प्रकरण संपतं. पण उसामा तिथं थांबलेला नाही. लगेच पुढं तो सांगतो, की घोड्याच्या लाथेनं चिघळलेला एका फ्रँक खजिनदाराचा पाय दुसऱ्या एका फ्रँक वैद्यानं मलमं काढून, उग्र सिरक्यानं धुऊन बरा केला. कुऱ्हाड सगळे उचलतात. सिरक्याकडे कुणी बघत नाही.

उसामाचे टेंपलर, म्हणजे संन्याशाचं व्रत घेऊन लढणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, सरदारांत मित्र होते. अल-अक्सा मशीद तेव्हा टेंपलरांच्या ताब्यात होती. हा जेरुसलेमला गेला की ते शेजारची छोटी मशीद त्याच्या नमाजासाठी मोकळी करून देत. एकदा नुकताच युरोपातून आलेला एक फ्रँक धावत आला, नमाज पढणाऱ्या उसामाला धरून त्याचं तोंड पूर्वेकडे वळवलं आणि म्हणाला, प्रार्थना अशी करायची! टेंपलरांनी त्याला बाहेर काढलं, तो पुन्हा घुसला, पुन्हा काढलं, आणि मित्राची माफी मागितली: हा नवखा आहे, पूर्वेकडे तोंड न करता प्रार्थना करणारा माणूस त्यानं पाहिलेलाच नाही. आजच्या कादंबरीकाराला हे प्रकरण म्हणजे घबाड वाटतं. सर्वधर्मसमभाव! पण तोच उसामा फ्रँकांचं नाव आलं की अल्लानं त्यांना शाप द्यावा असं म्हणतो. फ्रँक म्हणजे जनावरं, धैर्य आणि लढाई सोडून त्यांच्यात दुसरा गुण नाही, असं बिनदिक्कत लिहितो.

एक फ्रँक सरदार त्याला भाऊ म्हणे. मायदेशी परतताना तो म्हणाला, तुझ्या चौदा वर्षांच्या मुलाला माझ्याबरोबर पाठव, आमच्याकडं शहाणपण आणि सरदारकी शिकून येईल. उसामा मनात म्हणाला, माझा पोरगा कैदेत पडला असता तरी याहून वाईट झालं नसतं. तोंडानं मात्र म्हणाला, माझीही तीच इच्छा होती, पण त्याच्या आजीचा त्याच्यावर फार जीव आहे, परत आणीन अशी शपथ घातल्याशिवाय ती त्याला माझ्याबरोबरसुद्धा सोडत नाही. फ्रँकानं विचारलं, आई आहे का तुझी अजून? आहे. मग तिचा शब्द मोडू नकोस.

दोघांनीही किती सभ्यपणे निभावून नेलं! मैत्री खरी होती, तिरस्कारही खरा होता, आणि दोन्ही एकाच डोक्यात कसलीही ओढाताण न होता नांदत होते. आपल्या कादंबऱ्यांना हे झेपत नाही. त्यांच्यात मैत्री झाली की तिरस्कार विरघळलाच पाहिजे.

उसामा एकटा नव्हता. स्पेनमधून हजला निघालेला इब्न जुबैर ११८४ मध्ये फ्रँकांच्या मुलखातून गेला. फ्रँक जमीनदारांखालचे मुसलमान शेतकरी सुखात आहेत, शेजारच्या मुसलमान जमीनदारांपेक्षा इथं जाच कमी आहे, हे त्याला दिसतं, आणि त्याचा त्याला जाळणारा खेद होतो, कारण आपल्याच धर्मबांधवांच्या मनात त्यामुळं मोह पडेल. टायर बंदरात तो एका फ्रँक नवरीची वरात बघतो. तिचा झोळदार रेशमी पायघोळ, तिची चाल, सगळं तो रसिकपणे वर्णन करतो आणि लगेच देवाला विनवतो, की या दृश्याच्या भुलीपासून आम्हाला वाचव. याला सहिष्णू म्हणायचं की कट्टर? माझ्या मते हा प्रश्नच त्या माणसाला लागू नाही. शेजारधर्म, व्यापार, पाहुणचार यांची एक व्यवहारी घडी तिथं बसली होती. सगळे धर्म सारखे, हे तत्त्व त्या घडीच्या बुडाशी नव्हतं. ते कुणी मांडलं असतं तर उसामा आणि टेंपलर दोघंही एकजात चिडले असते.

मग हा अतिशहाणा नायक आला कुठून? बराचसा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटकडून. १८२५ च्या ‘द टॅलिस्मन’ मध्ये इंग्लंडचा आजारी राजा रिचर्ड याच्या छावणीत एक हकीम येतो, त्याला बरं करतो, आणि तो हकीम म्हणजे वेषांतर केलेला सलादिन निघतो. उदार सलादिन स्कॉटनं शोधला, असं नाही. इटालियन कवी दान्तेनं त्याला नरकाच्या उंबऱ्यावर पुण्यवान परधर्मीयांत आधीच बसवलं होतं. पण दोन शूर पुरुष एकमेकांना मान देतात आणि भोवतालचे क्षुद्र लोक कारस्थानं करतात, हा साचा स्कॉटनं असा काही बसवला की दोनशे वर्षं तो मोडला नाही. प्रत्यक्षात रिचर्ड आणि सलादिन एकदाही भेटले नाहीत. रिचर्ड तापानं फणफणला असताना सलादिननं त्याला फळं आणि बर्फ पाठवलं, एवढं खरं. सलादिनचा चरित्रकार बहाउद्दीन हे सांगतो आणि पुढं हेही सांगतो, की या जाण्यायेण्यात शत्रूच्या छावणीची खबर काढता येत होती. औदार्य आणि हेरगिरी एकाच टोपलीतून गेली. स्कॉटनं हेरगिरी गाळली.

ऑगस्ट ११९१ मध्ये याच रिचर्डनं अक्को बंदराच्या तटाबाहेर सुमारे २,७०० कैदी कापले. सलादिननंही हत्तीननंतर पकडलेल्या टेंपलर आणि त्यांच्यासारख्याच हॉस्पिटलर पंथाच्या सरदारांची मुंडकी उडवायला लावली, आणि ते काम आपल्याबरोबरच्या मौलवी-सूफींना दिलं. त्यांतल्या काहींना एका घावात मान उडवता येईना. ११८७ च्या ऑक्टोबरात त्यानं जेरुसलेममध्ये कत्तल केली नाही, हे त्याचं मोठेपण सगळे सांगतात. ते आहेच. पण ती सुटका खंडणीवर होती, पुरुषाला १० दिनार, बाईला ५. आणि ज्यांना भरता आली नाही ते हजारो लोक गुलाम झाले. बाजारात विकलेल्या त्या बायका-मुलांच्या बाजूनं लिहिलेली कादंबरी माझ्या तरी पाहण्यात नाही.

२००५ चा ‘किंग्डम ऑफ हेवन’ हा चित्रपट अनेकांनी पाहिलेला असतो, म्हणून तोच घेतो. त्यात शेवटी सलादिन जमिनीवर पडलेला क्रूस उचलून हळुवारपणे मेजावर ठेवतो. अरबी इतिहासकार सांगतात ते वेगळं: ‘डोम ऑफ द रॉक’च्या घुमटावरचा मोठा सोनेरी क्रूस खाली ओढला तेव्हा मुसलमानांच्या जयघोषानं आणि ख्रिस्त्यांच्या आक्रोशानं शहर दणाणलं. चित्रपटाचा नायक बालियन फ्रान्समधला अनौरस लोहार, अर्धवट नास्तिक. खरा बालियन पॅलेस्टाइनमध्येच वाढलेला बडा सरदार, जेरुसलेमच्या राजाच्या विधवेचा नवरा. चित्रपटात राजकन्या सिबिला नवऱ्याला कंटाळून याच्या प्रेमात पडते. खरी सिबिला ११८६ मध्ये काय करते? सरदार अडून बसतात, की नालायक नवऱ्याला, गी याला, सोडलंस तरच तुला गादी. ती म्हणते, कबूल, पण पुढचा नवरा मी निवडणार. सगळे हो म्हणतात. मुकुट डोक्यावर चढल्यावर ती पुन्हा गीचीच निवड करते आणि स्वतःच्या हातानं त्याला राजमुकुट घालते! असा प्रसंग आयता हाताशी असताना तो टाकून देऊन ठोकळेबाज प्रेमप्रकरण घालणाऱ्याला काय म्हणावं, मला कळत नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं, की कादंबरी म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. अगदी मान्य. एखादी लढाई कल्पनेनं घाला, दोन माणसांचं एक करा, माझी हरकत नाही. दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: त्या काळातही शंका घेणारे होतेच ना? होते. दुसऱ्या क्रुसेडवर वुर्त्सबुर्गचा एक अनामिक लेखक चांगलाच उखडलेला दिसतो. कुणी कर्ज बुडवायला गेला, कुणी नवी जागा बघायला, असं तो लिहितो. सम्राट दुसरा फ्रेडरिक तर १२२९ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी तह करून एकही लढाई न करता जेरुसलेम घेऊन बसला. पण त्याचं पुढं काय झालं तेही वाचावं. पोपनं त्याला आधीच बहिष्कृत केलं होतं. तो अक्कोहून जहाजावर चढायला निघाला तेव्हा खाटीकआळीतल्या लोकांनी त्याच्यावर जनावरांची आतडी फेकली. तिकडं जेरुसलेम देऊन टाकलं म्हणून अल-कामिलच्या नावानं दमास्कसमध्ये लोकांनी टाहो फोडला. शहाण्याला त्या काळात किती किंमत मोजावी लागे, हे दाखवणार असाल तर शहाणा नायक अवश्य घ्या. कादंबऱ्यांत मात्र त्याला किंमत मोजावी लागत नाही. त्याला नायिका मिळते.

हा रुचीचा वाद म्हणून सोडून दिला असता. पण क्रुसेडचं भूत अजून राजकारणात फिरतं. १९९८ च्या फर्मानात बिन लादेननं ज्यू आणि क्रुसेडवाल्यांविरुद्ध जिहाद पुकारला. १६ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी दहशतवादाविरुद्धच्या लढाईला क्रुसेड म्हटलं, आणि मग सारवासारव करावी लागली. २०११ मध्ये नॉर्वेत ७७ माणसं मारणारा स्वतःला टेंपलर सरदार म्हणवत होता. अशा लोकांना उत्तर म्हणून सहिष्णू सरदाराच्या कादंबऱ्या हव्यात, असं बरेच भले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. खुनी माणूस टेंपलरचा झगा घालून स्वतःला शूर समजतो. भला वाचक गच्चीवर तारे बघणाऱ्या नायकाचा झगा घालून स्वतःला निर्दोष समजतो. मी तिथं असतो तर असाच वागलो असतो, अशी त्याची खात्री होते. क्लेरमाँच्या माळावर जमलेल्या हजारो लोकांपैकी बहुतेक जण आपल्यासारखेच होते, आणि आपण बहुधा त्यांच्याच रांगेत असतो, हे मात्र त्याला कुणी सुचवत नाही.

मराठी वाचकानं यात का पडावं? एक तर स्कॉटचं देणं आपल्यावरही आहे. १८७१ च्या ‘मोचनगड’पासून हरिभाऊ आपट्यांपर्यंत आपली ऐतिहासिक कादंबरी उभी करणारी पिढी इंग्रजी शाळेत स्कॉट वाचून वाढलेली होती. दुसरं म्हणजे आपल्याकडं ऐतिहासिक कादंबरीवर वाद होतो तो जवळपास नेहमी एकाच मुद्द्यावर: पूर्वजाचा मान राखला की नाही. मोर्चे निघतात, कोर्टकचेऱ्या होतात, आणि त्या माणसाचं मन त्या काळाचं वाटतं का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. क्रुसेडमध्ये आपलं कुणी मेलेलं नाही. तिथं अभिमान आड येत नाही, म्हणून वाचनाची ही सवय तिथं लावून घेता येते. नंतर आपल्या कपाटातल्या जाड कादंबऱ्या पुन्हा काढून बघाव्यात. अग्रलेख वाचणारे गृहस्थ तिथंही भेटतील, फक्त मंदील बांधलेले.

कोणती कादंबरी मला वाचायला आवडेल, तेही सांगतो. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या, ज्यूंच्या प्रार्थनास्थळातल्या, कागदांच्या ढिगात ११०० सालचं एक पत्र सापडलं. जेरुसलेम पडल्यावर पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अस्कलानच्या ज्यू पुढाऱ्यांनी इजिप्तमधल्या जातभाईंना लिहिलेलं. फ्रँकांकडून कैदी सोडवायला पैसे हवेत, लुटलेले धर्मग्रंथही विकत परत घ्यायचेत, कर्ज डोक्यावर चढलंय, सोडवलेल्यांपैकी कितीतरी रोगराईनं मेले. कैद्यांत एक लहान मुलगा आहे. त्याला फ्रँकांनी ख्रिस्ती होण्याबद्दल गोड बोलून विचारलं, तर त्यानं पुरोहित घराण्याचा मुलगा ख्रिस्ती कसा होईल, असं उत्तर दिलं. शिव्याशाप देता देता ही माणसं हेही नोंदवतात, की या फ्रँकांनी बायकांवर बलात्कार केल्याचं ऐकिवात नाही. तलवार नाही, राजा नाही, तारे नाहीत. पैसे मोजणारी, पत्रं लिहिणारी, माणसं आणि पुस्तकं एकाच यादीत मांडणारी मंडळी आहेत. त्यांतल्या एखाद्या वसुली करणाऱ्या कारकुनाला नायक करायचं धाडस कुणीतरी करावं.

तोवर जी पुस्तकं बाजारात आहेत ती वाचत राहू. हल्ली बहुतेकांच्या शेवटी लेखकाची टीप असते: अमुक लढाई मी एक वर्ष अलीकडं आणली, तमुक सरदार काल्पनिक आहे, किल्ल्याचा नकाशा अमक्या उत्खननावरून घेतला. टीप प्रामाणिक असते आणि मला ती आवडते. नायकाचं मनसुद्धा मीच माझ्या शतकातून नेलं, एवढी कबुली मात्र मी आजवर कुठल्या टिपेत वाचलेली नाही.